‘अनफरगॉटन’चे पहिले पर्व : तारखा हाताशी ठेवून कसे पाहावे

न उलगडलेल्या खुनांचा तपास अनेक वर्षांनी पुन्हा हाती घेणाऱ्या मालिका दूरचित्रवाणीवर पुष्कळ झाल्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा हातातले काम चालू ठेवून, अधूनमधून नजर टाकत पाहिल्या तरी समजतात. ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरू झालेली ‘अनफरगॉटन’ ही मालिका तशी पाहता येत नाही. क्रिस लँग यांनी लिहिलेल्या आणि अँडी विल्सन यांनी दिग्दर्शित केलेल्या तिच्या पहिल्या पर्वात सहा भाग आहेत. त्यांत माणसे बहुतेक वेळ बसून बोलतात, जुनी कागदपत्रे चाळतात, दारावरची घंटा वाजवून अनोळखी माणसाच्या दिवाणखान्यात जातात आणि चहाचा कप हातात घेऊन फार जुने प्रश्न विचारतात. धावपळीच्या गुन्हेकथांची सवय असलेल्या प्रेक्षकाला हे संथ वाटण्याची शक्यता आहे. मालिकेतला ताण सगळा काळाच्या अंतरात आहे, आणि ते अंतर प्रत्येक दृश्यात मनाशी मोजत राहिले तरच तो जाणवतो. हे मोजणे कसे करावे, त्यासाठी कोणती पार्श्वभूमी माहीत असावी आणि ब्रिटिश कायद्यातल्या कोणत्या गोष्टी मराठी प्रेक्षकाच्या सहज लक्षात येत नाहीत, ते पुढे मांडले आहे. खून कोणी केला, हे मात्र कुठेही सांगितलेले नाही. त्यामुळे मालिका अजून न पाहिलेल्यांनीही निर्धास्तपणे वाचावे.

सुरुवात करण्यापूर्वी

कथेची उभारणी थोडक्यात अशी आहे. लंडनच्या वायव्येकडील विल्सडन भागात एक जुने घर पाडले जाते आणि त्याच्या पायाखाली मानवी सांगाडा सापडतो. डिटेक्टिव्ह चीफ इन्स्पेक्टर कॅसी स्टुअर्ट आणि तिचा सहकारी सनी खान यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो खुनी कोण हा नव्हे, तर मेलेला कोण आणि तो केव्हा मेला हा. हाडांजवळ सापडलेली गंजलेली किल्ली एका जुन्या गाडीपर्यंत नेते, गाडीतून एक पिशवी मिळते आणि पिशवीत ओलाव्याने चिकटलेली डायरी असते. तिची पाने सोडवून वाचली जातात तेव्हा मृताचे नाव कळते. जिमी सलिव्हन हा कोवळ्या वयाचा मुलगा १९७६ साली मेला आहे. त्याच डायरीतल्या नावांवरून पोलिस चार माणसांपर्यंत पोहोचतात.

ही चार माणसे पहिल्या भागात एकमेकांशी काहीही संबंध नसल्यासारखी समोर येतात, आणि नवख्या प्रेक्षकाचा गोंधळ नेमका इथेच होतो. सर फिलिप क्रॉस हा राजकारण्यांत ऊठबस असलेला धनाढ्य उद्योजक आहे. फादर रॉबर्ट ग्रीव्ह्ज हा पाद्री आहे. लिझी विल्टन तरुण मुलांच्या भल्यासाठी मनापासून राबणारी स्त्री आहे. एरिक स्लेटर हा चाकांच्या खुर्चीला खिळलेला वृद्ध असून त्याची पत्नी क्लेअर स्मृतिभ्रंशाने आजारी आहे. ही चार नावे आणि जिमीचे पाचवे, एवढे लक्षात ठेवून बसले तर पहिला भाग अजिबात जड जात नाही. अभिनेत्यांची माहिती आधी शोधू नये, कारण इंटरनेटवरच्या माहितीपानांवर पात्रांच्या नावापुढेच कथेचा उलगडा लिहिलेला असतो.

संवादांची अक्षरे पडद्यावर चालू ठेवावीत. लंडन, लिव्हरपूल आणि उत्तर इंग्लंड अशा निरनिराळ्या ठिकाणच्या बोलीत माणसे बोलतात, शिवाय ती हळू बोलतात, आणि महत्त्वाचे वाक्य अनेकदा सर्वांत हळू आवाजात उच्चारलेले असते. एका बैठकीत दोन भाग, अशा तीन बैठकांत हे पर्व उत्तम बसते. सहाही भाग एका रात्रीत संपवले तर मधल्या भागांतल्या साक्षी एकमेकांत मिसळतात. पडद्यावर रक्तपात फारसा नसला तरी अत्याचार, वंशद्वेष आणि कुटुंबात दडवून ठेवलेल्या गोष्टी यांविषयी उघड बोलणे आहे, म्हणून हे पर्व मोठ्यांनीच पाहावे.

वहीत दोन रकाने

माझी पहिली आणि सर्वांत आग्रहाची सूचना अशी आहे की जवळ एक वही ठेवावी, पानाच्या मधोमध उभी रेघ मारावी, डावीकडे १९७६ आणि उजवीकडे २०१५ लिहावे आणि प्रत्येक पात्राविषयी जे कळेल ते ज्या त्या रकान्यात टिपावे. हे शाळकरी वाटेल, पण त्याचा परिणाम लगेच दिसतो. या पर्वात पात्रे जी माहिती देतात ती बहुतेक वेळा उजव्या रकान्यातली असते, आणि पोलिसांना हवी असते ती डावीकडची. उजवा रकाना भरत जातो आणि डावा रिकामा राहतो, हे स्वतःच्या अक्षरात पाहिले की कोण किती टाळते आहे ते दिसू लागते.

प्रत्येक पात्राच्या वयातून एकोणचाळीस वजा करण्याची सवय लावून घ्यावी. एरिक स्लेटरची भूमिका करणारे टॉम कोर्टनी मालिका प्रसारित झाली तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. म्हणजे १९७६ साली ते स्वतः एकोणचाळीस वर्षांचे होते. पडद्यावर आपण थरथरत्या हातांचा म्हातारा पाहत असतो आणि प्रश्न मात्र भर उमेदीतल्या, धडधाकट माणसाविषयी असतो. या भूमिकेसाठी कोर्टनी यांना २०१६ साली सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. त्यांच्या अभिनयाचे मर्म मला इथेच दिसते, कारण त्यांच्या चेहऱ्यावर हे दोन्ही वयांचे पुरुष आळीपाळीने दिसत राहतात. फिलिप क्रॉसची भूमिका करणारे ट्रेव्हर ईव्ह यांच्याविषयीही एक गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. २००० ते २०११ या काळात बीबीसीवर चाललेल्या ‘वेकिंग द डेड’ या मालिकेत त्यांनी जुन्या खुनांचा तपास करणाऱ्या पथकाचा प्रमुख रंगवला होता. ब्रिटिश प्रेक्षकांनी ज्या चेहऱ्याला अनेक वर्षे टेबलाच्या पोलिसांच्या बाजूला बसलेले पाहिले, तो इथे समोरच्या खुर्चीत आहे.

डावा रकाना अर्थपूर्ण व्हायचा तर १९७६ च्या इंग्लंडची थोडी ओळख हवी. तो उन्हाळा ब्रिटनमध्ये कडक उष्म्यामुळे आणि दुष्काळामुळे आजही लोकांच्या आठवणीत आहे. कॅरिबियन बेटे, भारत आणि पाकिस्तान इथून आलेल्या लोकांविरुद्ध नॅशनल फ्रंट ही संघटना रस्त्यावर मोर्चे काढत होती, आणि वांशिक भेदभावाविरुद्धचा रेस रिलेशन्स अ‍ॅक्ट हा कायदा त्याच वर्षी मंजूर झाला. पुरुषांमधील समलिंगी संबंध इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६७ च्या कायद्याने गुन्हा राहिले नव्हते, पण ते फक्त एकवीस वर्षांवरील व्यक्तींपुरते आणि केवळ खासगीत. कायदा बदलल्यानंतरही समाजातली भीती आणि बदनामी कायमच होती. लग्नाआधीच्या मातृत्वाची लाज, गोऱ्या आणि काळ्या माणसांच्या संसाराकडे पाहण्याची शेजाऱ्यांची नजर, चर्चचा दबदबा, यांपैकी काहीही २०१५ च्या लंडनमध्ये त्याच स्वरूपात उरलेले नव्हते. ज्या गोष्टी लपवण्यासाठी माणसे तेव्हा वाटेल त्या थराला गेली असती त्यांतल्या काही आज लपवण्याजोग्याही राहिलेल्या नाहीत, आणि उलट ज्या गोष्टी तेव्हा हसण्यावारी नेल्या जात त्यांतल्या काही आज गंभीर गुन्हे आहेत. पात्र एखाद्या आठवणीपाशी अडखळले की वहीत एवढेच लिहावे : ही लाज कोणत्या वर्षाची?

उजव्या रकान्यालाही स्वतःची पार्श्वभूमी आहे. जिमी सॅव्हिल या मृत दूरचित्रवाणी-कलावंताने केलेल्या अत्याचारांची माहिती २०१२ साली बाहेर आली आणि लंडनच्या पोलिसांनी ‘ऑपरेशन यूट्री’ हा तपास सुरू केला. त्यानंतरच्या काही वर्षांत अनेक वृद्ध आणि नामांकित माणसे तरुणपणीच्या गुन्ह्यांसाठी न्यायालयात उभी राहिली. इतक्या वर्षांनंतर हे उकरून काढावे का, हा प्रश्न त्या काळात ब्रिटनमध्ये घरोघरी बोलला जात होता. मालिका त्याच वातावरणात आली, आणि हा जुना मृत्यूही तपासायचाच, हा कॅसीने पहिल्याच भागात धरलेला आग्रह त्या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणून ऐकावा.

प्रयोगशाळेतली दृश्ये

ही दृश्ये छोटी आहेत, पण त्यांत घाईने बोललेल्या शब्दांमागे खरे शास्त्र आहे. सांगाड्यावरून वय ठरवताना लांब हाडांची टोके मुख्य हाडाशी जुळली आहेत का ते पाहतात. किशोरवयात आणि विशीच्या सुरुवातीला ही टोके ठरावीक क्रमाने सांधत जातात आणि गळपट्टीच्या हाडाचे छातीकडचे टोक सर्वांत शेवटी सांधते, म्हणून कोवळ्या वयाच्या मृताचे वय प्रौढापेक्षा अधिक नेमके सांगता येते. मृत्यू केव्हा झाला हे ठरवणे याहून कठीण असते. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९६३ पर्यंत वातावरणात झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतल्या कार्बन-१४ चे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले आणि पुढे ते हळूहळू उतरत गेले. त्यामुळे हाडा-दातांतल्या कार्बनवरून ही व्यक्ती त्या चाचण्यांपूर्वीची की नंतरची, एवढे तरी शास्त्रज्ञ खात्रीने सांगू शकतात.

डीएनएचा चमत्कार होऊन सगळे सुटेल, ही अपेक्षा मात्र बाजूला ठेवावी. लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी डीएनए-ठशाचे तंत्र शोधले ते १९८४ साली, आणि ब्रिटनचा राष्ट्रीय डीएनए-संग्रह उभा राहिला १९९५ मध्ये. १९७६ साली कोणी त्या दृष्टीने काही जपूनच ठेवलेले नाही. शिवाय हा मृत्यू तेव्हा नोंदवलाच गेला नव्हता, त्यामुळे कपाटातून बाहेर काढावी अशी जुनी फाईलही नाही. हातात असलेली डायरी, किल्ली आणि माणसांच्या आठवणी एवढ्यावरच तपास उभा करायचा आहे. गाडीचा माग काढणेसुद्धा सोपे नाही, कारण ब्रिटनमधली वाहननोंदणी १९७४ पासून स्वान्सीच्या मध्यवर्ती कार्यालयाकडे गेली आणि त्याआधीच्या नोंदी जागोजागच्या कौन्सिलांकडे होत्या. किल्लीपासून डायरीपर्यंतचा प्रवास मला या पर्वातला सर्वांत समाधान देणारा तपास वाटतो. त्यात योगायोगाचा आधार फार थोडा आहे आणि चिकाटीचा फार मोठा आहे.

चौकशीची खोली, आणि आपल्याकडच्या कायद्याशी फरक

मराठी प्रेक्षकाने सर्वांत जास्त लक्ष इथे द्यावे. आपल्या पोलिसी मालिका पाहून तयार झालेली समजूत इथे नेमकी उलट दिशेला नेते.

भारतात पोलिस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये ही तरतूद होती आणि आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती कलम २३ मध्ये आहे. म्हणून आपल्याकडच्या कथांत चौकशीच्या खोलीत आरोपी ढासळला तरी खरे युद्ध न्यायालयात बाकी असते. इंग्लंडमध्ये पोलिस ठाण्यातली चौकशी ध्वनिमुद्रित होते, आरोपीला मोफत वकील मिळतो, आणि दडपशाही न करता मिळवलेली कबुली न्यायालयात ग्राह्य धरली जाते. त्यामुळे कॅसी आणि सनी ध्वनिमुद्रण सुरू करून तारीख, वेळ आणि हजर असलेल्यांची नावे उच्चारतात तो क्षण औपचारिक नसतो. तिथून पुढचा प्रत्येक शब्द थेट ज्युरीच्या कानांपर्यंत जाऊ शकतो.

प्रश्न सुरू होण्यापूर्वी वाचला जाणारा इशाराही पूर्ण ऐकावा. त्याचा आशय असा की बोलण्याची सक्ती नाही, पण पुढे न्यायालयात ज्या गोष्टीचा आधार घ्यायचा असेल ती आत्ता विचारूनही सांगितली नाही तर बचावाला बाधा येऊ शकते, आणि जे बोलले जाईल ते पुराव्यात येऊ शकते. यातला मधला भाग १९९४ च्या कायद्याने आला. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, आणि आपल्याकडे गप्प राहणे ही त्यातल्या त्यात सुरक्षित जागा असते. इंग्लंडमध्ये गप्प राहण्याचीही किंमत मोजावी लागू शकते. म्हणून एखादा संशयित वकिलाकडे एक नजर टाकून उत्तर द्यायचे की नाही हे ठरवतो, तेव्हा त्या दोन-तीन सेकंदांत तो एक खरा, कठीण हिशेब करत असतो.

दुसरा फरक वेळेचा आहे. इंग्लंडमध्ये अटकेनंतर दोषारोप न ठेवता माणसाला साधारणपणे चोवीस तास ठेवता येते. गंभीर गुन्ह्यात वरिष्ठ अधिकाऱ्याच्या परवानगीने ही मुदत छत्तीस तासांपर्यंत आणि दंडाधिकाऱ्याच्या परवानगीने जास्तीत जास्त शहाण्णव तासांपर्यंत जाते. आपल्याकडे चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करून पुढे कोठडी मागता येते आणि गंभीर गुन्ह्यांत दोषारोपपत्रासाठी नव्वद दिवसांपर्यंत अवधी मिळतो, त्यामुळे अटक ही तपासाची सुरुवात असल्यासारखी वाटते. इंग्लंडमध्ये अटक केली की घड्याळ सुरू होते. कॅसी दिवसच्या दिवस लोकांच्या घरी जाऊन सौम्यपणे बोलत का बसते, आणि एखाद्याविषयी संशय पक्का झाल्यावरही ती थांबते का, याचे उत्तर या घड्याळात आहे. ती कचरत नाही. चार दिवसांत जे जमणार नाही ते ती आधीच जमवून ठेवते आहे.

तिसरी गोष्ट प्रश्न विचारण्याच्या पद्धतीची आहे, आणि या पर्वाचे मोठेपण मला त्यातच दिसते. गिल्डफर्ड आणि बर्मिंगहॅम इथल्या १९७४ च्या बॉम्बस्फोटांसाठी जी माणसे १९७५ साली दोषी ठरवली गेली, त्यांच्या शिक्षा १९८९ आणि १९९१ मध्ये रद्द झाल्या, कारण पोलिसांनी मिळवलेले कबुलीजबाब विश्वासार्ह नव्हते. दरम्यान १९८४ च्या पोलिस आणि फौजदारी पुरावा कायद्याने चौकशीवर बंधने आणली होती, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंड-वेल्सच्या पोलिसांनी मुलाखतीची नवी पद्धत स्वीकारली. आधी पूर्ण तयारी करायची, समोरच्याला प्रक्रिया समजावून सांगायची, मग त्याला त्याच्या शब्दांत सलग सांगू द्यायचे, त्याला मध्येच तोडायचे नाही, त्यानंतर तपशिलांवर परत यायचे आणि शेवटी मिळालेली माहिती ताडून पाहायची, असा तिचा क्रम आहे. निकोला वॉकर यांची कॅसी याच पद्धतीने काम करते. ती आवाज चढवत नाही, टेबलावर हात आपटत नाही, आणि उत्तर चुकीचे आहे हे माहीत असतानाही ते शेवटपर्यंत ऐकून घेते. प्रेक्षकाने इथे प्रश्नांपेक्षा कागदांवर नजर ठेवावी. पोलिसांकडचा पुरावा ते एकदम मांडत नाहीत. आधी संशयिताचे म्हणणे पूर्ण होऊ देतात, आणि त्या म्हणण्याला छेद देणारा कागद नंतर सरकवतात. कोणता कागद कोणत्या वाक्यानंतर पुढे आला, हे वहीत टिपले तर पाचव्या-सहाव्या भागातल्या चौकशा दुपटीने उमगतात. संजीव भास्कर यांचा सनी अशा वेळी बहुधा कमी बोलतो. त्याचे काम ऐकण्याचे आणि समोरच्याचा चेहरा वाचण्याचे असते, म्हणून कॅमेरा त्याच्यावर गेला की तो कोणत्या शब्दावर गेला ते पाहावे.

याच खोलीत १९७६ आणि २०१५ समोरासमोर बसतात. ज्यांची चौकशी चालली आहे ती माणसे तरुण असताना पोलिसांची ओळख निराळी होती, आणि त्यांतली काही अजूनही त्या जुन्या पोलिसांशीच बोलत असल्यासारखी बोलतात.

खटला भरायचा की नाही हे शेवटी पोलिस ठरवत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. १९८६ पासून इंग्लंड-वेल्समध्ये क्राउन प्रॉसिक्यूशन सर्व्हिस ही स्वतंत्र यंत्रणा आहे. ती दोन कसोट्या लावते : दोषसिद्धीची वास्तव शक्यता आहे का, आणि खटला सार्वजनिक हिताचा आहे का. खून कितीही जुना असला तरी त्याला मुदतीची आडकाठी नाही. आपल्याकडेही नाही, मुदतीचे बंधन तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांपुरते आहे. महाराष्ट्रात गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही अशा प्रकरणात पोलिस ‘ए समरी’ अहवाल पाठवतात, आणि नवा पुरावा मिळाला तर पुढील तपासाची वाट कायद्याने मोकळी असते. आपल्या पोलिस ठाण्यांच्या दप्तरांत अशी किती कुटुंबे उत्तराची वाट पाहत असतील, हा विचार हे पर्व पाहताना माझ्या मनातून गेला नाही.

आईची दृश्ये

जिमीची आई मॉरीन सलिव्हन फार थोड्या दृश्यांत आहे, आणि तपास पुढे सरकण्याच्या घाईत ती दृश्ये पुढे ढकलण्याचा मोह होतो. तसे करू नये. एकोणचाळीस वर्षे ती मुलाची वाट पाहत राहिली आहे. तो मेला आहे याची खात्री नाही आणि जिवंत आहे याची आशाही धड नाही. सात वर्षे ज्याची काहीच वार्ता नाही त्याला मृत मानण्याचा नियम इंग्लंडमध्येही आहे आणि आपल्याकडेही, पण कायदा मृत्यू गृहीत धरू शकतो, आई धरू शकत नाही. कॅसी तिच्याकडे येते आणि बसते, ते दृश्य आवाज नीट लावून, मध्ये न थांबता पाहावे. संपूर्ण पर्वात पोलिसांच्या कामाचा हेतू इतका स्पष्ट दुसरीकडे कुठेही दिसत नाही. वहीच्या डाव्या रकान्यात सर्वांत वर जिमीचे नाव लिहिले असेल तर प्रत्येक भागाच्या शेवटी त्या नावाखाली आज नवे काय कळले ते लिहावे : तो कुठे राहत होता, कोणावर त्याचा जीव होता, त्याला काय हवे होते. चार संशयितांची रहस्ये उलगडण्याच्या नादात मेलेला मुलगा विसरला जाऊ नये, यासाठी ही नोंद फार उपयोगी पडते.

दोन अडचणी

पहिली अडचण विश्वासाची आहे. डायरीत सापडलेल्या प्रत्येक नावामागे काहीतरी भयंकर दडलेले असावे, हे मलाही पटायला जड गेले. एका मुलाच्या ओळखीतली चारही माणसे इतकी गुपिते बाळगून असतील का, अशी शंका तिसऱ्या भागाच्या आसपास येते. ती आली तर मालिका थांबवू नये. लेखकाला या योगायोगाची गरज आहे, कारण ज्यांनी खून केला नाही त्यांचेही संसार या तपासाने उघडे पडतात, आणि निर्दोष माणसाला चौकशीची किती किंमत मोजावी लागते हे दाखवण्याचा दुसरा मार्ग या रचनेत नाही. फिलिप, रॉबर्ट, लिझी आणि एरिक यांच्या जोडीदारांच्या आणि मुलांच्या चेहऱ्यांकडे लक्ष द्यावे. नवरा किंवा आई म्हणून ज्याला ओळखले तो १९७६ साली कोण होता, हे त्यांना पोलिसांकडून कळते आहे.

दुसरी अडचण कॅसी आणि सनी यांच्या घरच्या प्रसंगांची. कॅसीचे वडील आणि मुलगे, सनीच्या मुली, हे सगळे पहिल्या पर्वात ओझरते येते आणि अनावश्यक वाटू शकते. ते पुढच्या पर्वांसाठी पेरलेले आहे, एवढे समजून शांतपणे पाहावे.

कुटुंबासोबत किंवा मित्रांसोबत पाहत असाल तर प्रत्येक बैठकीनंतर खुनी कोण याचा अंदाज विचारू नये. त्याऐवजी आज कोण खोटे बोलले आणि ते खोटे कोणाला वाचवण्यासाठी होते, एवढेच विचारावे. घरातल्या ज्येष्ठांना १९७६ आठवत असेल तर त्यांना आवर्जून सोबत घ्यावे. आणीबाणीचे ते वर्ष त्यांच्या मनात ताजे असते, आणि इतक्या जुन्या गोष्टी कितपत खात्रीने सांगता येतात हे त्यांनाच विचारता येते. साक्षीदाराच्या आठवणीवर किती विसंबावे, याची चर्चा अशा वेळी आपोआप सुरू होते.

पुढची पर्वे

पहिले पर्व संपल्यावर दुसरे लगेच सुरू करू नये; मध्ये आठवडाभर जाऊ द्यावा, कारण शेवटच्या भागातला निर्णय पटतो की नाही यावर घरात मतभेद होतात आणि ते व्हायला हवेत. प्रत्येक पर्वातला खून स्वतंत्र आहे. दुसऱ्यात ली नदीत सापडलेल्या सुटकेसमधला मृतदेह आहे, तर तिसऱ्यात एम१ महामार्गाच्या मधल्या पट्ट्यात मिळालेले अवशेष, ज्यांचा माग १९९९ च्या अखेरच्या रात्री नाहीशा झालेल्या मुलीपर्यंत जातो. तरीही पर्वे क्रमानेच पाहावीत, कारण कॅसीवर या कामाचा होणारा परिणाम पर्वागणिक साठत जातो. विशेषतः २०२१ चे चौथे पर्व आधीची तीन पाहिल्यावाचून सुरू करू नये आणि त्याविषयी आधी काहीही वाचू नये. पाचव्या पर्वापासून पथकाच्या प्रमुखपदी जेसिका जेम्स हे नवे पात्र येते, सिनेड कीनन यांनी ते साकारले आहे, आणि तिची सनीशी जुळवून घेण्याची धडपड सुरुवातीला अवघडच जाते. वहीतल्या उजव्या रकान्याचे वर्ष प्रत्येक पर्वाच्या सुरुवातीला बदलून घ्यावे आणि डावीकडची जागा, खून कोणत्या वर्षी झाला हे तपासात निघेपर्यंत, रिकामी सोडावी.